पाणी न धरणारी भांडी

पदू, काल तुझ्या पडवीतली कुजकी लाकडं मोजायला बसले होते. एकतिसावर आल्यावर सोडून दिलं. निम्मी ओली, निम्म्यांवर पांढरी बुरशी, आणि एका ओंडक्यावर तर चक्क छत्र्या उगवलेल्या. शैला चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, तो छत्र्यांचा ओंडका हलवू नका, ह्यांनी सांगून ठेवलंय." मी म्हटलं, "सांगून ठेवलंय म्हणजे काय? आता कोण येऊन बघणार आहे?" तिनं कप ठेवला आणि डोळ्यांना पदर लावत आत गेली. तुझ्या बायकोला मी रडवलं, तेही तुझ्या लाकडापायी. माणूस गेल्यावर निदान त्याच्यावरून होणारी भांडणं तरी थांबतात. तुझ्या बाबतीत तेवढंही नाही.

सव्वा महिना झाला. लोक येतात, बसतात, म्हणतात, प्रदीपदादा किती शांत माणूस होता. मी मान हलवते. शांत कसला, कोडगा होतास. कुणी ओरडलं की हसायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं, याला लोक शांत म्हणतात. मी तुझी थोरली बहीण. मला माहीत आहे.

आता सुरुवातीपासूनच भांडू. परसातला आंबा वादळात पडला, तेव्हा तू नुकताच कारखान्यातून मोकळा झाला होतास. मी दहिवलीहून मुद्दाम आले सांगायला, की फळ्या पाडून घे, मागच्या खोलीला दार नाही ते होईल, उरलेलं सरपणाला दे. तू हो हो म्हणालास. पुढच्या खेपेला आले तर ते खोड तसंच मातीत पडलेलं, वर ओली गोणपाटं आणि ताडपत्री.

"हे काय रे?"

"पिकत घातलंय."

"लाकूड पिकतं का रं कुठं?"

"कुजतंच ताई. पण बरोबर येळेला उचललं तर पिकलं म्हणायचं."

दोन पावसाळे ते खोड तू पिकवलंस. मधल्या काळात पोशीरमधल्या बंद पडलेल्या गिरणीची मोटर आणून लाकूड कातायचा लेथ उभा केलास. मागच्या खोलीला दार नव्हतंच, आता तिथे भिंतही अर्धी पाडलीस, उजेड पाहिजे म्हणून. मग एके दिवशी फोन केलास, आत्ताच्या आत्ता ये. मला वाटलं, कुणाला काय झालं. धावत आले तर तू हातात एक वाटी घेऊन उभा.

खोटं नाही बोलणार, ती वाटी सुंदर होती. पिवळट लाकूड, त्यावर दुधाळ ढग, आणि मधून काळ्या रेघा गेलेल्या, कुणी बोरूनं काढल्यासारख्या. मी विचारलं, "ही नक्षी कशानं काढलीस?"

"मी नाय काढली. दोन बुरश्या एकाच लाकडात घुसल्या ना, की समोरासमोर येतात. मग दोघी आपापल्या हद्दीला बांध घालतात. ही काळी रेघ म्हंजे बांध."

"म्हणजे इथेसुद्धा बांधावरून भांडण."

"मग काय. पन हितं भांडनातून शोभा आली."

तू इतका हसलास की मलाही हसू आलं. तेवढाच एक दिवस मी तुझ्या बाजूनं होते. मग मी वाटीत पाणी ओतलं, आणि ते बुडातून माझ्या साडीवर आलं.

तुझं काम मी बघितलं नाही असं म्हणू नकोस. पहिल्या पहिल्यांदा दारात स्टूल टाकून, नाकाला पदर लावून तासन् तास बघितलंय. लाकूड इतकं भुसभुशीत की अंगठा दाबला तर खळगा पडावा. पटाशी लागली की कातलं जायच्या ऐवजी फाटायचं, पावासारखं. म्हणून तू चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्याला ब्रशनं पाजायचास, लेकराला औषध पाजावं तसं, आणि ती मुरेपर्यंत गप्प बसून राहायचास. मग पटाशीला धार. दोन मिनिटं लाकूड, पाच मिनिटं धार. मग परत लाख. एक वाटी व्हायला आठवडा.

"सागाचं कर की. एका दिवसात होईल."

"साग कुनीपन करंल."

"मग कुणीपण करतं तेच कर. लोकांना ते लागतं."

"लोकांना लागतं तेच केलं ताई इतकी वर्सं. लोखंडाचा दांडा लावायचा, केसाइतका फरक चालायचा नाय. लोखंड ऐकतं. ह्ये ऐकत नाय. ह्याला इचारत इचारत जायला लागतं."

एकदा तू विचारायचा विसरलास. भांडं फिरता फिरता फुटलं आणि तुकडा कपाळावर बसला. तीन टाके पडले. मी टेबलाशेजारी तुझा हात धरून उभी, आणि तू डॉक्टरांना काय विचारलंस? दुखतंय का, खूण राहील का, असलं काही नाही. "तो तुकडा कुनी उचलला का?" असं विचारलंस. शैलानं खरंच उचलून आणला होता, पिशवीत घालून. तुम्ही दोघं एकमेकांना शोभत होतात. ते फुटकं भांडं सांधून तू टीव्हीवर ठेवलंस, सांधा पुढे दिसेल असं.

आणि माझ्या लेकीच्या लग्नातलं विसरलास का? मी नाही विसरले. सगळ्यांनी नीट आहेर केला. मामानं काय दिलं, तर कुजक्या आंब्याचं भांडं. विहीणबाईंनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि एका भोकात बोट घातलं.

"याला भोक आहे."

"हाय," तू म्हणालास. "तितं लाकूड संपलं व्हतं."

"यात ठेवायचं काय?"

"पानी नका ठेवू. गरम नको. धुवायचं पन नाय."

"मग?"

"बघायचं."

मांडवात मला कुठे तोंड लपवू असं झालं. विहीणबाई सध्या त्यात ब्लडप्रेशरच्या गोळ्या ठेवतात आणि त्याला कुणाला हात लावू देत नाहीत, ते सोड. त्या दिवशी मला काय वाटलं ते तुला कळायला हवं होतं.

गावभर वाटत सुटलास. कुणी त्यात किल्ल्या ठेवतं, कुणी सुपारी, विहारात एकात मेणबत्त्या असतात. मी मात्र एकही घेतलं नाही. सात-आठ वेळा तू दहिवलीला घेऊन आलास आणि सात-आठ वेळा मी ते परत तुझ्या पिशवीत घातलं. तू समजलास की मला आवडत नाहीत. आवडण्याचा प्रश्नच नव्हता. तुला खोकला लागला होता.

आधी सकाळचा, मग दिवसभराचा. जिना चढताना तू मधल्या पायरीवर थांबून खिडकीतून बाहेर बघायचास, जसं काही तिथे बघण्यासारखं असतं. मी विचारलं, दाखवलंस का कुठे? म्हणालास, दाखवलं, बुरशीची अ‍ॅलर्जी आहे. मी लगेच विश्वास ठेवला. नोकरीभर मी बाळंतपणाच्या वॉर्डात होते, छातीचे रोग काही माझ्या हातचे नव्हते. आणि बुरशी तर डोळ्यांसमोर होती, पडवीभर. मी तुला चांगल्यातला मास्क आणून दिला. जेव्हा येईन तेव्हा तो खिळ्याला लटकलेला.

त्या मास्कवरून मी तुला किती बोलले. शैलासमोर बोलले, शेजाऱ्यांसमोर बोलले. "त्या कुजक्या लाकडानं तू मरशील," असं तोंड वर करून म्हणाले. तू म्हणालास, "बरं." एवढंच, बरं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं तेव्हा मी तुझ्या लेथची वायर कापायला निघाले होते, आणि तू नाकातली नळी सावरत म्हणालास, "ताई, मेन स्विच बंद कर आदी, शॉक लागंल." असल्या माणसाशी भांडायचं कसं?

शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं. चार दिवस. त्या चार दिवसांतसुद्धा मी लाकडालाच शिव्या घालत होते.

आता पुढचं ऐक. हे तुला कळू द्यायचं नव्हतं मला, पण तू तरी मला कुठे काय कळू दिलंस.

आठव्या दिवशी तुझं पुण्यानुमोदन होतं. वंदना झाली, भंतेजींचं बोलून झालं, पंगत बसली. कोपऱ्यात एक हडकुळा माणूस बसला होता, एका श्वासात दोन शब्द बोलणारा. शैलानं ओळख करून दिली, हे बाळारामभाऊ, खालापूरच्या बाजूला राहतात, ह्यांच्या कारखान्यातले. मी सवयीनं विचारलं, "खोकला कधीपासून आहे?"

"लई वर्सं झाली ताई. आमच्या खात्यातल्या समद्यांनाच हाय."

"लेथ खात्यातल्या?"

"लेथ मागनं. आदी पद्या नि मी वाळूत व्हतो ना. अकरा वर्सं."

"कसली वाळू?"

तो शैलाकडे बघायला लागला. शैला ताटाकडे. मी म्हटलं, "सांगा."

त्यानं सांगितलं. ओतीव भाग खडबडीत यायचे, ते साफ करायला दाबानं वाळूचा फवारा मारायचा. बंद खोली. तोंडाला घरचा रुमाल. "भाएर आलो की कोन कुटला वळकू यायचं नाय. समदे पांडरे. पद्या म्हनायचा, आपन पिठाच्या गिरनीत हाव."

"तो लेथवर होता," मी म्हटलं. "मला पत्र आलं होतं."

"लेथवर जागा नव्हती तवा. वाळूत लगीच घेत व्हते. तितं कुनी टिकत नव्हतं ना."

पदू, ते पत्र मला पाठ आहे. बाबा गेले तेव्हा माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. मी होस्टेलवर ट्रंक भरून ठेवली होती. घरी यायचं, शेतावर जायचं, ठरलं होतं. तेवढ्यात तुझं पत्र आलं. 'ताई, लेथवर लागलो. काम चांगलं आहे, सावलीतलं आहे. तू शिक. घराकडे मी बघतो.' एकोणीस वर्षांचा होतास. मी ती ट्रंक उपसली, कपडे परत कपाटात लावले आणि संध्याकाळी ड्युटीवर गेले.

सावलीतलं काम. किती विचार करून लिहिलं असशील तू ते वाक्य.

जेवणं झाल्यावर मी शैलाला खोलीत नेलं आणि दार लावलं. तिनं कपाटातून फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीची. डॉक्टरांनी तुम्हाला दोघांना तेव्हाच सांगितलं होतं, की फुफ्फुसातले हे डाग वाळूचे आहेत, फार जुने आहेत, बुरशीनं किंवा लाकडानं असं होत नाही. लाकडाच्या धुळीनं ढास वाढत असेल तेवढीच. शैलानं विचारलं होतं, ताईंना सांगू का. तू म्हणालास, "नको. तिला त्या पत्राची आटवन येईल. तिला लाकडाशी भांडू दे, त्यानं काय बिगडत नाय."

"आणि मास्क?" मी शैलाला विचारलं.

"मास्क लावल्याशिवाय ते लेथ चालूच करत नव्हते, ताई. खोकला लागल्यापासून तुम्ही आलात की लेथ बंद व्हायचा, म्हणून मास्क काढून ठेवायचे."

इतकं साधं. दोन वर्षं मी बंद लेथशेजारी लटकलेल्या मास्कवरून भांडत होते, आणि एकदाही तू म्हणाला नाहीस की ताई, लेथ बंद आहे.

मला राग कशाचा आला सांगू? तू वाळूत गेलास याचा नाही. एकोणीस वर्षांच्या पोरावर कसला राग धरायचा. राग याचा, की साठीतला माणूस झालास तरी तू मला ते सांगण्याच्या लायकीची समजला नाहीस. मी किती पोरं जन्माला आणली या हातांनी, किती बायकांना मरता मरता मागे ओढलं. मला एक फाइल झेपली नसती? मी शेवटचे चार दिवस तुझ्या उशाशी बसून बुरशीवर चरफडत होते, पदू. दुसरं काही बोलले असते. निदान तुझ्या पायांना तेल चोळता चोळता त्या पत्राबद्दल बोलले असते. तू ती संधी माझ्या हातून काढून घेतलीस, आणि वर सगळे म्हणतात किती शांत माणूस.

शैला म्हणते, तुमचं रडणं त्यांना बघवलं नसतं. असेल. माझं ओरडणं तुला लहानपणापासून सवयीचं होतं, रडणं नव्हतं. म्हणून तू मला ओरडायला एक विषय दिलास. मला हे पटत नाही. पटवून घ्यायचा प्रयत्न केला, नाही पटत. आणि समोर बसून उत्तर द्यायला तू नाहीस, म्हणजे हे भांडणही मी एकटीनंच करायचं.

माझी वर्दी, माझी नोकरी, दहिवलीतलं घर, लेकीचं शिक्षण, सगळं त्या पांढऱ्या खोलीतून आलं. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू उठून लाकडाला लाख पाजायला गेला असतास. तरी मी सांगितलं असतं. मागे मागे येऊन, दारात उभी राहून. तुला ऐकायला लागलं असतं.

त्या दिवशी निघताना मी बाळारामकडून वाळूच्या खोलीतल्या माणसांची नावं लिहून घेतली. तुझ्यासकट नऊ होती. तिघं गेलात. सहा जण आहेत, खालापूरच्या आसपासच्या गावांतून. या रोगाला औषध नाही हे मलाही कळतं. पण याच्या मागून टीबी येतो, आणि तो वेळेत सापडला तर बरा होतो. म्हणून मी फोन लावले. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, आम्हाला काही झालेलं नाही. असं म्हणताना सगळे खोकत होते. तुम्हा लोकांना कारखान्यात हेच शिकवत होते की काय कुणास ठाऊक.

मागच्या गुरुवारी मी एसटीनं खालापूरला गेले. स्टँडवर सकाळी दहाला या असं सांगितलं होतं. दहाला कुणी नाही. साडेदहाला बाळाराम आला. मी म्हटलं, "बाकीचे?"

"येत व्हते. मग म्हनाले, बाई वरडतात."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"पद्यानं. लई वर्सांपूर्वी. म्हनायचा, माज्या ताईच्या तोंडी लागू नका, तुमी हरनार. मी पन रोज हरतो."

मी स्टँडवरच्या बाकावर बसले. बाळारामनं पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, समजूतदार माणूस आहे. मग मी उठले, रिक्षा केली आणि घरोघर गेले. एकाला शेतातून आणला, एकाला पारावरून, एक जण मला बघून गोठ्यात शिरला होता त्याला सुनेनं बाहेर काढला. चौघांचे एक्स-रे झाले त्या दिवशी, बाळाराम धरून. त्याच्या थुंकीचा रिपोर्ट आलाय. टीबी निघाला. औषध सुरू केलं. गोळ्या वेळेवर घेतो का ते मी रोज सकाळी फोन करून विचारते, आणि तो रोज "बरं" म्हणतो, अगदी तुझ्यासारखं, त्यामुळे मी त्याच्या बायकोलाही विचारते.

दोघं राहिलेत. एक जण मुलाकडे गेलाय, रविवारी येईल. दुसरा म्हणतो, लावणी झाली की बघू. मी त्याला सांगितलं की छाती लावणीसाठी थांबत नाही. त्यानं फोन ठेवून दिला. मग मी त्याच्या बायकोला लावला. ती म्हणाली, "तुमी उद्या सकाळीच या ताई. मी ह्यांचा सदरा भिजत घालते नि ह्यांना घरात बसवते."

उद्या पहिली गाडी सव्वासहाची आहे.